रानात ओल असूनही पीक का सुकते? झाडातील पाण्याचा प्रवास

एप्रिल महिन्यात कोल्हापूर जिल्ह्याच्या करवीर किंवा हातकणंगले तालुक्यातील एक एकर पूर्ण वाढलेल्या उसाच्या रानातून एका दिवसात साधारण २०,००० लिटर पाणी हवेत निघून जाते. दहा हजार लिटरचे दोन टँकर रोज रिकामे व्हावेत, एवढे हे पाणी आहे. हिशेब सोपा आहे. एका गुंठ्यावर एक मिलिमीटर जाडीचा पाण्याचा थर पसरला, तर ते पाणी सुमारे १०० लिटर भरते, आणि कडक उन्हाच्या दिवसांत पाच मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाणी रोज उडते. त्यातील थोडे जमिनीवरून उडते, पण उसाची पाने एकमेकांना भिडून सरी झाकली गेली की बहुतेक सगळे पाणी मुळांतून शिरून, उसाच्या अंगातून चढून, पानांवाटे बाहेर पडलेले असते. वाफ डोळ्यांना दिसत नाही, म्हणून एवढी मोठी उलाढाल डोक्यावरून होत असताना आपल्याला तिचा पत्ता लागत नाही.

झाड मुळांनी जेवढे पाणी घेते, त्यापैकी ९५ टक्क्यांहून अधिक पाणी ते असेच हवेत सोडून देते. उरलेल्या थोड्याशा पाण्यावर त्याची वाढ होते, पेशी फुगतात, साखर तयार होते. झाड पाणी ‘पिते’ असे आपण सहज म्हणतो, आणि त्यामुळे मुळे पाणी उचलून वर ढकलत असावीत असे चित्र मनात तयार होते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा काम उलट्या दिशेने चालते. ओढ पानांकडून सुरू होते, खोडातून खाली उतरते आणि शेवटी मुळापाशी पोहोचते. हे एकदा लक्षात आले की रानात पाणी असणे आणि पिकाला पाणी मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी का आहेत, तेही समजते. पाणी देण्याच्या आपल्याकडील बऱ्याच सवयी या दोन गोष्टी एकच मानून पडलेल्या आहेत, असे मला प्रामाणिकपणे वाटते. म्हणून या लेखात पाण्याचा प्रवास नेहमीप्रमाणे मुळापासून न सांगता पानापासून सांगतो.

पानाच्या पृष्ठभागावर मेणासारखा थर असतो आणि त्यातून पाणी फारसे सुटत नाही. पाणी सुटते ते पर्णरंध्रांतून. ही रंध्रे उघड्या डोळ्यांनी दिसत नाहीत; एका चौरस मिलिमीटरमध्ये ती शंभराच्या घरात किंवा त्याहूनही अधिक असू शकतात. सगळी रंध्रे उघडी असली तरी त्यांची तोंडे मिळून पानाचा जेमतेम एक-दोन टक्के भाग व्यापतात. तरीही संपूर्ण पानाएवढ्या आकाराच्या उघड्या पाण्याच्या पृष्ठभागावरून जेवढे बाष्पीभवन होईल, त्याच्या निम्म्याहून अधिक बाष्प पान सोडू शकते. बारीक आणि विखुरलेल्या छिद्रांच्या कडांवरून बाष्प सर्व बाजूंना पसरते, त्यामुळे हे शक्य होते.

रंध्रे उघडी ठेवून पाणी गमावण्याची झाडाला गरज काय, हा प्रश्न इथे पडायलाच हवा. हवेतील कार्बन डायऑक्साइड आत घेतल्याशिवाय साखर तयार होत नाही, आणि तो आत येण्याची वाट रंध्रांतूनच आहे. वायू आत यायचा तर दार उघडावे लागते, आणि दार उघडले की आतील ओलसर हवा बाहेरच्या कोरड्या हवेकडे धावते. गहू, भात, सोयाबीन यांसारखी पिके कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू पकडताना पाण्याचे काहीशे रेणू गमावतात. ऊस, मका आणि ज्वारी यांचे गणित याहून बरे आहे. ही पिके आत आलेला कार्बन डायऑक्साइड आधी एका वेगळ्या रासायनिक मार्गाने पकडून पानातच एकवटतात, त्यामुळे रंध्रे कमी उघडूनही त्यांचे काम भागते. हा मार्ग ऑस्ट्रेलियातील हॅच आणि स्लॅक या दोन शास्त्रज्ञांनी १९६६ साली स्पष्ट केला, आणि त्यांचा अभ्यास उसाच्याच पानांवर होता. उसाला ‘पाणीपिऊ पीक’ म्हणतात ते तो दहा-बारा किंवा अठरा महिने रानात उभा असतो आणि त्याचा हिरवा भार प्रचंड असतो म्हणून. पाण्याच्या प्रत्येक थेंबाचा उपयोग करण्यात मात्र तो पुष्कळ पिकांपेक्षा काटकसरी आहे.

रंध्राच्या दोन्ही बाजूंना दोन रक्षक पेशी असतात. सकाळी उजेड पडला की या पेशी पोटॅशियम आत ओढतात, त्यामागोमाग पाणी येते, त्या फुगतात आणि मधली फट उघडते. जमीन सुकू लागली की ॲबसिसिक आम्ल नावाचे संप्रेरक रक्षक पेशींपर्यंत पोहोचते, पोटॅशियम बाहेर जाते, पेशी ढिल्या पडतात आणि दार मिटते. पाणी वाचते, पण साखर तयार होणेही थांबते. पालाश, म्हणजे पोटॅशियमचे खत, कमी असलेल्या रानात पिकाला पाण्याचा ताण सोसत नाही, त्यामागील एक कारण हेच आहे. घायपात आणि निवडुंग यांनी वेगळीच तोड काढली आहे. ती रात्रीच्या गारव्यात रंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवतात आणि दिवसभर दारे बंद ठेवतात.

बाष्पीभवनाने पानाला गारवाही मिळतो. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला विजेच्या सुमारे दोन-तृतीयांश युनिटएवढी उष्णता लागते, आणि ती पानातून व आसपासच्या हवेतून घेतली जाते. भर दुपारी वडाखाली जो गारवा जाणवतो, तो पत्र्याच्या शेडखाली मिळत नाही. सावली दोन्हीकडे आहे, पण वडाच्या पानांतून पाणी उडत असते.

आता या सगळ्याचा खोडातील पाण्याशी संबंध पाहू. पानाच्या आतील पेशींच्या भिंती ओल्या असतात आणि त्या भिंतींत अतिसूक्ष्म पोकळ्या असतात. भिंतीवरून पाणी उडाले की उरलेले पाणी त्या पोकळ्यांत आत सरकते आणि त्याचा पृष्ठभाग आतल्या बाजूला वाकतो. पोकळी जितकी अरुंद, तितका हा वाकलेला पृष्ठभाग मागील पाण्याला अधिक जोराने ओढतो, आणि एका मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढी त्रिज्या असलेल्या पोकळीत ही ओढ हवेच्या दाबाच्या शंभर पटींहून अधिक होऊ शकते. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असल्यामुळे ही ओढ पानाच्या शिरांतून देठात, देठातून खोडात आणि खोडातून मुळांपर्यंत सलग पोहोचते. आडातून दोराने घागर शेंदताना वरून ओढलेला दोर जसा खालपर्यंत ताठ होतो, तसा पाण्याचा हा अखंड स्तंभ पानापासून मुळापर्यंत ताणलेला असतो.

हा स्तंभ ज्या नळ्यांतून जातो त्या जलवाहिन्या. त्या मेलेल्या पेशींच्या असतात. पेशी मेल्या, आतील सगळे विरघळून गेले आणि भिंती तेवढ्या उरल्या, की नळी तयार होते. भिंती लिग्निन या लाकडाला कठीणपणा देणाऱ्या द्रव्याने कडक केलेल्या असतात आणि कोवळ्या भागात त्यांना आतून कडी किंवा मळसूत्रासारखा आधार असतो, कारण आतील पाणी ताणाखाली असताना नळी चेपण्याची भीती असते. मोठ्या झाडांचा बुंधा भर दुपारी किंचित बारीक होतो आणि पहाटे पुन्हा पूर्वीएवढा होतो, हे सूक्ष्म उपकरणांनी मोजता येते.

जलवाहिन्या पाहायच्या असतील तर श्रावण-भाद्रपदात तेरड्याचे रोप आणावे. गौरीच्या दिवसांत ते आपल्याकडे सहज मिळते, आणि त्याचे खोड इतके पाणीदार व अर्धपारदर्शक असते की आतील बदल बाहेरून दिसतात. खोडाचे टोक पाण्यात बुडवूनच ब्लेडने तिरके कापावे, म्हणजे नळ्यांत हवा शिरत नाही, आणि ते लगेच लाल शाईच्या पाण्यात उभे करावे. खिडकीशी ठेवलेल्या रोपात थोड्याच वेळात लाल रेषा वर सरकताना दिसू लागतात. खोड आडवे कापले तर लाल ठिपक्यांचे कडे दिसते. मधला गाभा कोराच असतो. दुसऱ्या रोपाची सगळी पाने काढून तोच प्रयोग केला, तर रंग फार हळू चढतो. रंगाला वर ओढणारे पान आहे, याचा एवढा स्वच्छ पुरावा घरी दुसऱ्या कशाने मिळणे कठीण आहे.

हे चढणे हवेच्या दाबाने होत नाही, हे विहिरीवर मोटार बसवणाऱ्या प्रत्येकाच्या लक्षात यावे. मोटार पाण्याच्या पातळीपासून फार वर ठेवली तर ती पाणी उचलत नाही, कारण पाणी ‘ओढून’ वर येते असे वाटत असले तरी ते हवेच्या दाबाने ढकलले जात असते, आणि हा दाब समुद्रसपाटीवर पाण्याला सव्वादहा-साडेदहा मीटरच्या आसपासच उचलू शकतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, त्यामुळे आपल्याकडे ही मर्यादा आणखी कमी भरते. दाजीपूरच्या जंगलातील उंच झाडे मात्र तिच्या पुष्कळ वर पाणी नेतात, आणि कॅलिफोर्नियातील रेडवूडची झाडे तर ११५ मीटरपर्यंत नेतात. केशाकर्षणही इथे पुरे पडत नाही. एका मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा व्यास असलेल्या नळीत पाणी स्वतःहून साठ सेंटिमीटरच्या आसपास चढते आणि थांबते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतील एदुआर्द श्ट्रासबुर्गर यांनी कापलेल्या झाडांचे बुंधे विषारी द्रावणात उभे केले. खोडातील जिवंत पेशी मरत गेल्या, तरी द्रावण वर चढतच राहिले, आणि विष पानांपर्यंत पोहोचून पाने मेल्यावरच ते थांबले. खोडातील जिवंत पेशी पाणी वर ढकलत नाहीत, हे त्यातून दिसले. डब्लिनच्या डिक्सन आणि जॉली यांनी १८९४ साली पाण्याचा स्तंभ वरून ओढला जातो हा विचार मांडला. आपल्याकडे जगदीशचंद्र बोस यांनी १९२०च्या दशकात जिवंत पेशींच्या स्पंदनांमुळे रस चढतो असे प्रतिपादन केले होते. त्यांची उपकरणे अजोड होती, पण हे स्पष्टीकरण टिकले नाही. ताण प्रत्यक्ष मोजण्याची सोपी रीत १९६५ साली शोलँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केली. फांदी कापताच आतील रस टोकापासून आत सरकतो, जणू तो ताणलेला होता. मग ती फांदी बंद पात्रात अशी बसवायची की कापलेले टोक बाहेर राहील, आणि पात्रात वायूचा दाब वाढवत न्यायचा. ज्या दाबाला रस पुन्हा टोकाशी दिसतो, तेवढा ताण मूळ फांदीत असतो.

ताणाखाली असलेल्या स्तंभाला धोका एकच, तुटण्याचा. दुष्काळात ओढ फार वाढली की नळीत हवेचा बुडबुडा शिरतो आणि ती नळी कामातून जाते. नळ्यांच्या मधल्या भिंतींत बारीक खाचा असतात. त्यांतून पाणी शेजारच्या नळीत जाते, पण बुडबुडा सहसा अडतो, त्यामुळे वाहतूक बाजूने चालू राहते. रुंद नळीतून पाणी कितीतरी पट अधिक वाहते, म्हणजे व्यास दुप्पट झाला तर प्रवाह सोळापट होतो. पण तहान लागल्यावर रुंद नळ्या साधारणपणे आधी निकामी होतात. ऊस, मका यांसारख्या गवतवर्गीय पिकांत रात्री मुळांकडून येणारा दाब अशा काही नळ्या पुन्हा भरू शकतो.

हा मूलदाब म्हणजे खालून ढकलणाऱ्या शक्तीचा एकमेव ठळक पुरावा. रात्री रंध्रे मिटलेली असतात आणि पानांची ओढ थांबलेली असते, पण मुळे क्षार आत घेत राहतात, त्यामागोमाग पाणी शिरते आणि दाब तयार होतो. पहाटे परसातील अळूच्या पानाच्या टोकाला थेंब लोंबतो तो यामुळेच. कोवळ्या उसाच्या आणि गवताच्या पात्यांच्या टोकांवरही असे थेंब दिसतात. दव सगळ्या पानावर सारखे पसरते. हे थेंब टोकाशी किंवा कडेला, ठरावीक जागी येतात. हा दाब सहसा एक-दोन वातावरणांपलीकडे (एक वातावरण म्हणजे समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबाएवढा दाब) जात नाही, म्हणून उंच झाडांचे भागवण्याइतका तो पुरत नाही.

मुळाचे खरे काम त्याच्या टोकामागच्या थोड्याशा भागात चालते, जिथे मूलरोम असतात. एकेक मूलरोम म्हणजे एकाच पेशीचा लांबलेला भाग. तो मातीच्या कणांमधील ओलीत शिरतो आणि थोड्याच काळात झडून नवा येतो. अमेरिकेतील डिटमर यांनी १९३७ साली राय या धान्याच्या एकाच रोपाची मुळे मोजली, तेव्हा एकूण लांबी सहाशे किलोमीटरच्या वर भरली. मिरचीचे, टोमॅटोचे किंवा कोबीचे रोप तरूतून उपटून लावले की दुसऱ्या दिवशी माना टाकते, कारण उपटताना हे रोम तुटतात. संध्याकाळी लावण केली तर नवी मुळे फुटेपर्यंत पानांची ओढ निदान रात्रभर तरी थांबते.

मुळात शिरलेले पाणी पेशींमधून आणि पेशींच्या भिंतींमधून आत सरकते, पण मध्यभागी जाण्यापूर्वी त्याला अंतस्त्वचेचा थर ओलांडावा लागतो. तिथल्या भिंतींत जलरोधक पट्टी असते. भिंतीतून येणारी वाट तिथे बंद होते आणि पाण्याला पेशीच्या पटलातूनच जावे लागते. नको असलेले क्षार गाळण्याची ही झाडाची चौकी आहे. पटलात पाणी नेणारी खास प्रथिने असतात. ती ओळखल्याबद्दल पीटर ॲग्रे यांना २००३ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

पुराच्या वेळी नेमकी हीच दारे मिटतात. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेच्या काठच्या मळीच्या रानांत दिवसेंदिवस पाणी उभे होते, आणि पाणी ओसरून ऊन पडताच पुष्कळ ठिकाणी उभे पीक कोमेजले. पाण्यात उभे राहूनही पीक तहानेने सुकते, ते असे. ऑक्सिजन पाण्यातून हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजारपट हळू पसरतो, त्यामुळे भिजलेल्या मातीतील मुळांचा श्वास कोंडतो. पेशींत आम्लता वाढते, पाणी नेणारी प्रथिने बंद होतात आणि मुळे पाण्याला वाट देईनाशी होतात. वर ऊन आहे, पाने ओढत आहेत, पण खालून पुरवठा नाही. उसाच्या कांड्यांवर मग मुळ्या आणि पांगशा, म्हणजे बाजूचे कोंब, फुटतात. पाण्याच्या वर हवेशीर जागी मुळे काढण्याची ही धडपड असते. पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या सुरळीत, गाळ शिरला असेल तर शेंडा कुजतो आणि नुकसान आणखी वाढते. आजरा किंवा गगनबावड्याकडील भातखाचरांत हे घडत नाही, कारण भाताच्या मुळांत आणि खोडात हवेच्या पोकळ्या असतात आणि त्यांतून ऑक्सिजन मुळांपर्यंत उतरतो.

पूर नसतानाही हेच नुकसान थोड्या प्रमाणात होत राहते. पाटाने रान भरून सोडले आणि भारी काळ्या जमिनीत ते चार दिवस ओलेगच्च राहिले, तर तेवढे दिवस मुळे अर्धवट बंद असतात. मुळांना हवा असतो तो वाफसा, म्हणजे मातीच्या बारीक पोकळ्यांत पाणी आणि मोठ्या पोकळ्यांत हवा असलेली स्थिती. या स्थितीत पाणी मातीला फार घट्ट धरलेले नसते आणि वातावरणाच्या दाबाच्या दशांश ते तृतीयांश एवढ्या ओढीनेही ते सुटते. माती सुकत जाते तशी तिची पकड वाढते, आणि ती सुमारे पंधरा वातावरणांवर गेली की बहुतेक पिकांना ते पाणी घेता येत नाही. काळ्या मातीत तेव्हाही बरेच पाणी शिल्लक असते. हाताला ओल लागते, पण पिकाच्या दृष्टीने ती जमीन कोरडीच असते. तुलनेसाठी सांगायचे तर निम्मी आर्द्रता असलेल्या हवेची ओढ नऊशे वातावरणांच्या वर असते. माती, मूळ, पान आणि हवा या क्रमाने ओढ वाढत जाते, आणि पाणी त्या उताराने वाहते.

म्हणून उन्हाळ्यात दुपारी उसाची पाने सुरळी करतात तेव्हा लगेच मोटार सुरू करण्याची घाई करू नये. त्या दोन-तीन तासांत हवेची ओढ मुळांच्या पुरवठ्यापेक्षा जास्त असते आणि पान स्वतःचा उघडा भाग कमी करून घेते. संध्याकाळी ती पाने पुन्हा पसरली तर जमिनीत पुरेसे पाणी आहे. सूर्य उगवतानाही ती आखडलेली दिसली, तर मात्र पाणी द्यायला उशीर झाला आहे. पाचटाचे आच्छादन पानांवाटे उडणारे पाणी थांबवत नाही. ते जमिनीवरून उडणारे पाणी वाचवते, आणि लावण किंवा खोडवा लहान असताना, सरी उघडी असते तेव्हा, त्याचा फायदा सर्वात जास्त असतो. ठिबकचा मोठा गुणही मला पाणी वाचण्यापेक्षा वाफसा टिकण्यात दिसतो.

शिरोळ तालुक्यातील क्षारपड जमिनींत अडचण वेगळ्या वाटेने येते. परासरणात पाणी कमी क्षारांकडून जास्त क्षारांकडे पटलातून जाते, म्हणून मुळाच्या आतील रस मातीतील पाण्यापेक्षा अधिक दाट असावा लागतो. वर्षानुवर्षे जास्त पाणी दिल्याने भूजल वर आले, आणि जमिनीवरून पाणी उडताना त्यातील क्षार वरच्या थरात साचत गेले, की हा फरक कमी होत जातो. रान ओले असते, पांढरी पापुद्री दिसते आणि पीक खुरटते. अशा रानात तहान दिसते म्हणून पाणी वाढवले तर भूजल आणखी वर येते आणि क्षारही वाढतात. युरियाची जास्त मात्रा रोपाच्या बुडाशी पडली की रोप करपते, तेही याच कारणाने. यावर उपाय निचऱ्याचा आहे. शिरोळमधील शेतकऱ्यांनी जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून भूजल खाली उतरवले आहे आणि पावसाच्या पाण्याने क्षार धुऊन त्या पाइपांतून बाहेर काढले आहेत, आणि जिथे पूर्वी काही उगवत नव्हते अशा काही रानांत पुन्हा ऊस उभा राहिला आहे.